मुलं गेली, ताप राहिला

काकूंचं पाळणाघर म्हणजे दोन खोल्या, एक लांबट व्हरांडा आणि काकूंचा आवाज. पाटी वगैरे काही नव्हती. गरज कधी पडलीच नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं तरी तो सांगे, "सरळ जा, जिथून रडारड ऐकू येईल ते घर."

लग्न होऊन आल्यावर शेजारणीचं एक बाळ सांभाळायला घेतलं, तिथून हे सुरू झालं. मग दुसरं आलं, तिसरं आलं, आणि बघता बघता घरातला सोफा बाहेर गेला आणि गाद्या आत आल्या. काकूंचे यजमान वीज कंपनीत मीटर वाचायला जायचे. दिवसभर लोकांचे जिने चढून दमून घरी यावं, तर स्वतःच्याच घरात पाय ठेवायला जागा नसायची. "माझ्या घरात मी भाडेकरू आहे," असं ते म्हणत. पण कुणाचं पोर रडून बेजार झालं की त्याला खांद्यावर टाकून व्हरांड्यात फेऱ्या मारणारे तेच.

काकू मुलांना त्यांच्या नावानं हाक मारत नसत. प्रत्येकाचं बारसं त्या नव्यानं करत. एक होता भोपळा. एक होती किरकिरबाई. अलीकडच्या काळातली सगळ्यात लाडकी म्हणजे वकीलीणबाई. चार वर्षांची चिमुरडी, पण प्रत्येक गोष्टीवर "का पण?" विचारल्याशिवाय घास गिळायची नाही.

मुलं म्हटली की सर्दी-खोकला आलाच. ती काकूंच्या तोंडावर शिंकत, पदराला नाक पुसत, अंगावर ओकत. एका वर्षी कांजिण्यांची साथ आली तेव्हा अर्धं पाळणाघर ठिपक्यांनी भरलं होतं. काकूंच्या केसालाही धक्का लागला नाही. त्यांना ताप आलेला त्यांच्या लेकीनं लहानपणी कधी पाहिलाच नव्हता. "मला आजारी पडायला सवड कुठाय?" असं त्या हसून म्हणायच्या, आणि ते सगळ्यांना पटायचं.

साठी उलटल्यावर एका हिवाळ्यात त्यांना सर्दी झाली. साधी सर्दी. पण ती जाईना. गाल जड झाले, कपाळ ठणकायला लागलं, खाली वाकलं की डोळ्यांमागे कुणीतरी दाबल्यासारखं व्हायचं. फॅमिली डॉक्टर घरचेच होते, यजमानांचे जुने मित्र. त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्या संपेपर्यंत बरं वाटलं. पंधरवडा गेला, आणि पुन्हा तेच.

"वहिनी, वय झालं आता," डॉक्टर म्हणाले. "त्यात दिवसभर ती पोरं अंगाखांद्यावर. तुम्हाला नाही होणार तर कुणाला होणार?"

हे बोलणं इतकं सरळ होतं की त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतंच. काकूंनी मान डोलावली. पुढच्या खेपेला कान वाहायला लागला. मग खोकला छातीत उतरला, ताप चढला, आणि काकू आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यात भरती झाल्या. न्यूमोनिया. इंजेक्शनांनी उतरला. त्या घरी आल्या, चार दिवस झोपल्या आणि पाचव्या दिवशी गाद्या घालायला उठल्या.

त्यानंतर घरात औषधांना खळ पडला नाही. आज सायनस, उद्या कान, परवा छाती. मध्येच पाठीवर नागीण उठली, तिची आग महिनोन्‌महिने शमली नाही. रक्त तपासलं की पांढऱ्या पेशी ठीक, साखर ठीक. "ताकद चांगली आहे तुमची," डॉक्टर रिपोर्ट पाहून म्हणायचे, आणि काकूंना वाटायचं, ताकद चांगली आहे तर मग उभं राहिलं की गुडघ्यांचं पाणी का होतं?

ओळखीपाळखीच्यांनी तर नुसता उच्छाद मांडला. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या, पावडरी, काढे, कुणाच्या मामेभावाला लागू पडलेलं कसलंसं चाटण. स्वयंपाकघरातल्या एका फळीवर बरण्यांची रांग लागली. काकू सगळं घेत. निमूटपणे घेत. कारण खोकल्याची एक उबळ आली की व्हरांड्यात खेळणारी मुलं खेळ थांबवून त्यांच्याकडे बघत राहायची, आणि ते बघणं त्यांना सहन होत नव्हतं.

मुलांच्या आयाही बघायला लागल्या होत्या.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण एकीनं पोराला आजीकडे पाठवायचं ठरवलं, दुसरीला ऑफिसजवळचं पाळणाघर मिळालं. मग एका संध्याकाळी वकीलीणबाईंची आई दारात घुटमळत उभी राहिली. ही बाई स्वतः लहानपणी याच गाद्यांवर झोपलेली. काकूंनी तिला चमच्यानं दूध पाजलेलं.

"काकू, राग मानू नका," ती खाली बघत म्हणाली. "हिचे बाबा म्हणतात, तुमची तब्येत... थोडे दिवस घरीच ठेवतो हिला."

"अगं, राग कसला? बरोबरच आहे," काकू म्हणाल्या.

"का पण?" वकीलीणबाईंनी विचारलं. आईनं तिचा हात धरला आणि जिना उतरायला लागली.

त्या रविवारी लेक आपलं तान्हं बाळ घरी ठेवून आली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, शाळेत शिकवायची. शाळेतल्या मुलांना ओरडून ओरडून तिचा आवाज तसाही वर लागलेला असायचा, त्या दिवशी तर तो फाटलाच.

"आई, आता पुरे! तू त्यांचं नाक पुसत बसतेस आणि इथे तुझा जीव चाललाय. बाबा, तुम्ही तरी काही बोला ना!"

यजमान खिडकीशी उभे होते. "बंद कर गं," ते म्हणाले. "माझ्यासाठी कर."

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी असं काही मागितलं नव्हतं. काकूंनी उरलेल्या मुलांच्या घरी स्वतः निरोप दिले. गाद्या देऊन टाकल्या. छोटे पेले, छोट्या ताटल्या, रंग गेलेले ठोकळे असं सगळं दोन पोत्यांत भरून दुसऱ्या एका पाळणाघरात पोचवलं. सोफा परत आत आला. सोफ्यावर बसून काकू रिकाम्या फरशीकडे बघत राहिल्या.  पण त्यांनी स्वतःला बजावलं, किंमत मोठी आहे, पण या किमतीत तब्येत परत मिळणार आहे. मुलं गेली की बरं वाटेल, असं सगळेच म्हणत होते. डॉक्टर म्हणत होते, लेक म्हणत होती. सगळे काय चुकतील?

थोडे दिवस बरंही वाटलं. मग उन्हाळा सरता सरता थंडी वाजून ताप भरला.

घरात मूल नव्हतं. बाहेरून कुणी येत नव्हतं. काकू तर जिनाही उतरल्या नव्हत्या. तरी छाती भरली, कफ हिरवा झाला, आणि यजमानांनी त्यांना रिक्षात घालून पुन्हा दवाखाना गाठला. पुन्हा न्यूमोनिया. या खेपेला तो उतरायला फार वेळ लागला. घरी आल्या त्या अर्ध्या होऊन. वर पोट बिघडलं ते बिघडलंच. काही खाल्लं की धावावं लागायचं. कधी कधी धावूनही वेळ गाठता यायची नाही. यजमान काही न बोलता चादर काढून न्यायचे आणि बाथरूमचं दार लावून धूत बसायचे. आतून पाण्याचा आवाज यायचा. ज्या बाईनं गावभरच्या पोरांची दुपटी धुतली, तिनं तो आवाज येताच कान झाकून घ्यावेत इतकी तिला लाज वाटायची.

दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की एचआयव्हीची तपासणी करून घेऊ या का. लेकीचा चेहरा उतरला. काकूंना कळलं तेव्हा त्यांना हसूच आलं, कडवट हसू. "करा बाई, तेही करा," त्या म्हणाल्या. "यांना काय रंगढंग करायचे होते ते मीटर वाचता वाचताच केले असतील." यजमान ओशाळून हसले. रिपोर्ट येईपर्यंत मात्र दोघं एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हते. तपासणीत काही निघालं नाही. मग कुणीतरी म्हणालं, मुलं गेल्यामुळे खचल्यात, मनाचं दुखणं आहे. झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या.

आता दोष तरी कुणाला द्यायचा, हे काकूंना कळेना. मुलं होती तोवर आजाराला काही कारण होतं. कारण हातात असलं की माणूस आशेला लटकून राहतो. आता कारणही गेलं. उरलं ते फक्त वय, आणि वयाला औषध नाही. आरशात त्या बघेनाशा झाल्या. लेकीच्या बाळाचा पहिला वाढदिवस होता, त्या गेल्या नाहीत. फोनवर बाळाचा आवाज ऐकवला तर खोकला आला म्हणून फोन खाली ठेवला. एका दुपारी यजमान मऊ भात कालवून भरवत होते, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

"पुढच्या वेळी नेऊ नका मला."

"कुठे?"

"दवाखान्यात. ताप आला की येऊ दे. मला कंटाळा आला हो. बरं व्हायचा कंटाळा आला."

यजमानांच्या हातातला चमचा तसाच राहिला.  पण ताप आला तेव्हा त्यांनी काकूंचं ऐकलं नाही. शेजाऱ्याच्या मदतीनं खुर्चीतच उचलून खाली आणलं. काकू शिव्या देत होत्या. ज्या तोंडानं कधी पोरांना "गाढवा" म्हणण्यापलीकडे मजल मारली नव्हती, त्या तोंडातून नको नको ते येत होतं. मग त्यांना श्वास पुरेनासा झाला आणि शिव्याही थांबल्या.

या वेळी वॉर्डात छातीच्या नव्या डॉक्टरीण होत्या. ठेंगण्या, चष्मा सारखा नाकावरून घसरणाऱ्या. त्यांनी तपासलं, ऑक्सिजन लावला, आणि मग खुर्ची ओढून यजमानांना सुरुवातीपासून सांगायला लावलं. यजमानांनी पाठ झालेलं सगळं सांगितलं. पाळणाघर होतं, मुलांमुळे हे सुरू झालं, आता वयही झालंय.

"पाळणाघर बंद कधी केलंत?"

"झालं की वर्ष."

"मग हा न्यूमोनिया कुणामुळे?"

यजमानांनी लेकीकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती.

"आणि त्याआधीची इतकी वर्षं? मुलं तेव्हाही शिंकतच असतील ना?"

"तेव्हा तिला साधा ताप आलेला आठवत नाही," यजमान म्हणाले, आणि म्हणता म्हणता स्वतःच थबकले.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर ढकलला. "वयानं माणूस थोडा कमजोर होतो, कबूल. पण सायनस, कान, छाती सारखी सारखी पिकत राहायची, प्रत्येक वेळी औषधानं उतरायचं आणि औषध थांबलं की परत यायचं, त्यात नागीण, त्यात हे न थांबणारं पोट. एवढं सगळं मी नुसत्या वयावर नाही ढकलणार. पांढऱ्या पेशी मोजून भागत नाही. जंतूंना ओळखून धरणारी प्रथिनं असतात रक्तात, प्रतिपिंडं म्हणतात त्यांना. ती कुणी मोजली आहेत का?"

कुणीच मोजली नव्हती. मोजली तेव्हा कळलं की काकूंच्या रक्तात ती जवळजवळ नव्हतीच.

तरी डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. एखाद्या औषधानं असं झालंय का, रक्ताचा कॅन्सर आहे का, लघवीतून किंवा आतड्यांतून प्रथिनं वाहून जातायत का, सगळं एकेक करून तपासलं. कॅन्सर हा शब्द घरात शिरला तसे ते दिवस सगळ्यांनी जीव मुठीत धरून काढले. त्यातलं काही निघालं नाही. मग ताप उतरल्यावर न्यूमोनियाची लस टोचली आणि काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं. निरोगी माणसाचं शरीर लशीला उत्तर देतं. काकूंच्या शरीरानं काहीच उत्तर दिलं नव्हतं. शेवटी छातीचा स्कॅन झाला.

"प्रतिपिंडं न बनण्याचा हा आजार जन्मजात असेलच असं नाही, उतारवयातही उघडा पडतो," डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं. "तुमचं शरीर ही प्रथिनं बनवायचंच विसरलंय. आपण ती बाहेरून देऊ. दर महिन्याला सलाईनमधून. अनेक रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली असतात."

"मग मी बरी होईन?"

डॉक्टरीणबाईंनी स्कॅन समोर धरला. "नवे आजार पुष्कळ कमी होतील. पण फुप्फुसातल्या नळ्या सारख्या पिकून पिकून सैल पडल्यात. त्या परत पहिल्यासारख्या होत नाहीत. अगोदर कळलं असतं तर..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

लेक रडायला लागली. काकू रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे मुलांमुळे नव्हतं?"

"नाही. मुलांचे जंतू लागत असतील, पण खरं कारण तुमच्या रक्तात होतं."

"मग मी पाळणाघर पुन्हा..."

"नको, काकू. आता तर नकोच. लहान मुलांची साधी सर्दीसुद्धा तुम्हाला महागात पडेल."

काकूंनी पदर तोंडात कोंबला. ज्यांच्यामुळे काही झालं नव्हतं त्यांना त्यांनी घालवून दिलं होतं, आणि आता खरं कळल्यावर त्यांना परत बोलावताही येत नव्हतं.

पहिलं सलाईन लागलं त्यानंतर दोन दिवस डोकं फुटेल इतकं दुखलं. दुसऱ्या खेपेला अंग थरथरलं. सलाईन सावकाश सोडलं की त्रास कमी होतो, हे नर्सला उमगेपर्यंत काकूंचा धीर सुटला होता. तिसऱ्या वेळी त्या बाहेर पडायलाच तयार होईनात. त्याच दिवशी फॅमिली डॉक्टर घरी आले. ते बऱ्याच दिवसांनी आले होते. सोफ्याच्या कडेवर बसले, रिपोर्ट चाळले आणि मांडीवर ठेवून दिले.

"वहिनी, माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

काकूंनी इतके दिवस गिळलेलं सगळं वर आलं. "तुम्ही मला म्हातारी म्हणत राहिलात, भावोजी. आजारी म्हणायला हवं होतं. म्हातारी म्हटलं की सगळे थांबतात. तपासायचे थांबतात, विचारायचे थांबतात. मीसुद्धा थांबले."

डॉक्टरांनी मान वर केली नाही.  काकूंना वाटलं होतं की हे एकदा बोललं की मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. समोर एक थकलेला माणूस बसला होता, तोही म्हातारा, इतकंच दिसलं. त्यांनी यजमानांना त्याच्यासाठी पाणी आणायला सांगितलं. मग म्हणाल्या, "रिक्षा बोलवा. जाऊन येऊ."

तेव्हापासून त्या जातायत. पोट थांबलं. अंगावर थोडं मांस चढलं. न्यूमोनिया परत आला नाही, निदान अजून तरी. पण जिना चढताना त्या प्रत्येक वळणावर थांबतात, एका कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, आणि सकाळी छातीतला कफ काढण्यात तास जातो. लेक बाळाला घेऊन येते ती दोघांपैकी कुणालाच सर्दी नसेल तेव्हाच, त्यामुळे फारशी येत नाही. बाळ काकूंना ओळखत नाही, कडेवर घेतलं की रडतं.

या हिवाळ्यात यजमानांना सर्दी झाली. साधीच, पण त्यांनी स्वतःहून आपली चादर-उशी उचलली आणि पलीकडच्या खोलीत, जिथे मुलं झोपायची तिथे, मुक्काम हलवला. मधलं दार लावून घेतलं. आयुष्यभर या माणसाच्या घोरण्याला कंटाळलेल्या काकू आता त्याची एक शिंक ऐकली की दचकतात. दुपारी त्यांनी खुर्ची ओढून दाराशी ठेवली आणि चांगला कान दाराकडे करून बसल्या.

"अहो, वाफ घेतलीत का?"

"घेतली."

"खोटं बोलू नका. पातेलं इथेच आहे."

पलीकडून खोकल्याचा आवाज आला, मग दाबलेलं हसू. "तू उठू नकोस. मी बाहेर आलो की घेईन."

"ताप आहे का?"

"नाही गं."

"हात लावून बघितलंत?"

"माझाच हात माझ्या कपाळाला लावून काय कळणार?"

काकूंचा हात आपसूक कडीकडे गेला. हजार पोरांची कपाळं चाचपलेला हात. कडी थंड होती. त्यांनी ती धरली, थोडा वेळ धरून ठेवली आणि मग सोडून दिली.

"थर्मामीटर दाराखालून सरकवते," त्या म्हणाल्या. "आकडा मोठ्यानं सांगा, मला ऐकू येत नाही."